मी नेमलेला फितूर

वाचकहो, सावरून बसा. अत्यंत गंभीर घोषणा आहे: झाशीच्या प्रेमनगरातला सर्वांत बोलका माणूस — रेल्वेतला कारकून, सुट्टीच्या दिवशी गावोगाव किस्से रंगवणारा — आज खरं बोलणार आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

झाशीपासून तासाभरावर दोन गढ्या आहेत. वरची आणि खालची. दोन वैरी घराणी. कित्येक पिढ्यांपूर्वी वरच्यांनी लोट्यातल्या पाण्यात मीठ टाकून शपथ घेतली — दगा केला तर या मिठासारखे विरघळून जाऊ — आणि खालच्यांना समेटाच्या जेवणाला बोलावलं. पंगत बसली. दारं लागली. जेवायला गेलेला एकही माणूस परतला नाही.

हे मला कुणी सांगितलं? हल्के कक्कांनी. खालच्या गढीची सगळी निमंत्रणं पिढ्यान्‌पिढ्या पोहोचवणाऱ्या नाई, म्हणजे न्हावी, घराण्यातले हे म्हातारे. ती शपथ खरी मानून जेवणाचं बोलावणं खाली आणलं त्यांच्याच पूर्वजाने — आणि पंगतीत तोही कापला गेला. कक्का डोळे पुसत म्हणाले, "भैया, कऊँ सुनाओ तौ हमाए पुरखा कौ नाँव जरूर लइयो."

घेतलं की नाव! पण किश्शात फितूर नको? कक्कांचा पूर्वज पंगतीत मेला, हे मी गाळलं. वरच्यांनी त्याला फितुरीबद्दल जमीन बक्षीस दिली, असं ठोकून दिलं — मिशीला पीळ देत. काय टाळ्या पडल्या! कुणीतरी ते मोबाइलवर टाकलं. खालच्या गढीपर्यंत पोहोचलं.

गेल्या हिवाळ्यात खालच्या गढीत लग्न निघालं. निमंत्रणं वाटायला शहरातून माणूस आणला. मी मात्र खास पाहुणा — फेटा, हार, पुढची खुर्ची. आणि कक्का? धुतलेला कुर्ता घालून मांडवाच्या दाराशी उभे. न बोलावता आलेले.

शेवटी घरातले वडीलधारे ठाकूरसाहेब त्यांना माझ्यापुढे घेऊन आले.

"पंडितजी, ये कहते हैं इनके पुरखा वहीं मारे गए. आप कह दें तो अभी अंदर बिठाएँ. बताइए, आपने जो सुनाया, वो सच है?"

कक्का माझ्याकडे पाहत होते. रागाने? नाही हो — भरवशाने. एक 'नाही' पुरलं असतं. पण सगळे मोबाइल माझ्याकडे वळले होते, आणि मला — ते आवडलं. मी फेटा सावरला, आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

"सोलह आने सच!"