थप्पीतला खांब

राहनाळच्या गोदामात गुणाबाई पाटील अकरा वर्षं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. दहावीला गणितात दोनदा आपटली, मग लग्न झालं आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच. २००६ साली गोदामात कम्प्युटर आला, त्याच्यासमोर गादीची खुर्ची आली. ती खुर्ची गुणाबाईला हवी होती.

मालक धनेशशेठ गावचाच. म्हणाला, "गुणाबाय, आधी दहावी हो, कम्प्युटरचा कोर्स कर, मग बघू." म्हणजे टोलवलं. हिनं ते मनावर घेतलं. दहावीचा फॉर्म पुन्हा भरला, ड्युटीच्या आधी कोर्सला जाऊन बसायला लागली. माउस धरला की बाण भलतीकडे पळायचा. पोरं हसली, तेव्हा तिनं एकदाच वळून पाहिलं. पुन्हा कुणी हसलं नाही.

अडलं बीजगणितात. नववीतली लेक क्षितिजा शिकवायची.

"ह्यो एक्स हाय कोन?"

"कोण नाही गं आई. तो माहीत नसतो. मानायचा असतो."

"दिसत न्हाय, ठाव न्हाय, आनि मानायचा? मी देवाला धड मानत न्हाय."

"मग हो नापास," म्हणून लेक वेणी घालायला उठली.

जानेवारीत एका थप्पीवरून राडा झाला. एकावर एक रचलेल्या खोक्यांची ती थप्पी कम्प्युटरवाल्या अनयनं बाहेरून मोजली होती. लांबीला दहा, रुंदीला सहा, उंचीला आठ, चारशे ऐंशी. ट्रकमध्ये चढली चारशे बहात्तरच. धनेशशेठनं बायकांना रांगेत उभं करून पिशव्या उघडायला लावल्या.

गुणाबाईचं टाळकं सरकलं. "शेठ, भाकरीच्या डब्यात खोका मावतो व्हय? चला, थप्पी होती तिथं चला."

रिकाम्या जमिनीच्या मधोमध लोखंडी खांब उभा होता. इतके दिवस तो थप्पीच्या पोटात होता.

"अनय बाला, ह्यो खांब तू कुठं धरलास?"

"मावशी, कम्प्युटर चुकत नाही."

"त्याला कोनी सांगितलं खांब हाय म्हनून? दर थराला एका खोक्याची जागा ह्यो खातो. थर आठ. झाली तुझी आठ खोकी."

कुणालाही न विचारता ती खुर्चीत बसली. एका बोटानं टाइप करत तिनं खांबांसाठी वेगळा रकाना पाडला. लांबी गुणिले रुंदी, त्यातून खांब वजा, मग गुणिले उंची. एन्टर. चारशे बहात्तर.

घरी येऊन चपला काढायच्या आधी लेकीला म्हणाली, "क्षितिजे, तुझा एक्स गावला. बाहेरून दिसत न्हाय, पन आत असतोच. बाकीचं नीट मांडलं की आपोआप उघडा पडतो."

मार्चमध्ये पेपर दिला. जूनमध्ये गुणपत्रिका शेठच्या टेबलावर ठेवली. गणितात काठावर नव्हे, चांगली वर होती. कोर्सचं सर्टिफिकेट शेजारी.

शेठनं दोन्ही कागद उलटसुलट पाहिले. "बस मग. अनयला दापोड्याच्या नव्या गोदामात धाडतो."

"बसते. पन आधी बाहेर चला. ज्यांच्या पिशव्या उघडल्यात, त्यांना तोंडावर सांगा, चूक आमची होती."

शेठ घुटमळला. ती उभीच राहिली. शेवटी तो बाहेर आला आणि अकरा बायकांसमोर बोलला. मगच गुणाबाई खुर्चीत टेकली.

तिच्या तक्त्यात खांबांच्या रकान्यावर 'एक्स' लिहिलेलं होतं. दापोड्याला जाताना अनयनं तोच तक्ता फ्लॉपीवर उतरवून नेला.