बसलेल्या पायाचं माप

“बसला पाय लबाड असते,” असं म्हणून तो समोरच्याला उभं करायचा. जमिनीवर कागद, कागदावर अनवाणी पाऊल, आणि कानावरची पेन्सिल त्याच्या हातात. बसल्यावर पाय आवरून सभ्य दिसतो, अंगाचं वजन आलं की खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं. सकाळी तो माप घेतच नसे. दिवसभर उभं राहून पाय सुजले की मगच यायचं.

आमच्या चौकात, बस थांब्यामागे त्याची जागा होती. असा चांभार तुमच्याही चौकात असेल. आपण त्याच्याकडे चप्पल सरकवतो आणि मोबाइल काढतो, चेहरा बघत नाही. मीही बघितला नव्हता, आणि पत्रकं मात्र कष्टकऱ्यांवर लिहीत होते.

बघितला तो आईमुळे. आई मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत साफसफाईला. कंपनीचे काळे, निमुळते बूट सक्तीचे. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, लालबुंद. डॉक्टर म्हणाले, रुंद बूट घाला. सुपरवायझर म्हणाला, दुसरं काही घालून आलात तर गेटवरूनच परत. घर तिच्याच पगारावर चालायचं.

मी अर्ज लिहिला, सगळ्या बायकांना रुंद बूट द्या म्हणून. आईनं सही केली नाही.

“नोकरी गेली तं तुही पत्रकं शिजवू का?”

मग एका सकाळी खाटेवर बसलेल्या आईचं पाऊल मी हाताशी आलेल्या कागदावर रेखलं आणि ते घेऊन त्या चांभाराकडे गेले. त्यानं कागद बघितला, उलटला. मागे माझंच पत्रक छापलेलं. ते त्यानं सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

“लिवलं चांगलं हाये. आता पाय आण.”

संध्याकाळी आई ड्यूटीवरून थेट आली, लंगडत. परक्या माणसापुढे पाऊल ठेवायला लाजत होती. तो म्हणाला, “पायाची चूक नाही, ताई. बूट चुकला.” अंगठ्यानं बूट दाबून त्यानं सांगितलं की हे चामडं नव्हे, रेक्झिन आहे, ताणलं तर फाटेल. म्हणून हाडाजवळची शिवण उसवून तिथे जुन्या पर्सचं मऊ चामडं बसवलं आणि वरून काळा रंग दिला. जवळून बघितलं तरी कळेना. हाड आत जाणार नाही, हेही त्यानं तिला स्पष्ट सांगितलं; कुणी पट्टा विकून तसं वचन दिलं तर घेऊ नका, मिठाच्या कोमट पाण्यात पाय ठेवा, ठणका कमी होईल.

मला राग आला. हे तर कंपनीचा अन्याय झाकणं झालं, असं मी त्याला सुनावलं. त्यानं दोरा ओढला.

“तू कंपनी बदलव. तवरी मी बूट बदलवतो. बाईनं उद्या काय घालून जावं?”

माझ्या पत्रकात सगळं होतं, उद्याची सकाळ तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईनं घरी आल्यावर उभ्यानं भाकरी थापल्या. आठवडाभरात तिच्या बरोबरीच्या बायका येऊ लागल्या. थांब्याच्या कठड्याला टेकून एकमेकींना पाय दाखवायच्या, कुणाचं हाड मोठं यावर चिडवायच्या. तो कुरकुरायचा, “एकेक या वं. मोर्चा काहून आणून राहिल्या?” पण परत कुणाला पाठवलं नाही.

गेल्या महिन्यात कंपनीनं नवे बूट दिले, तसेच निमुळते. आई ते पिशवीत घालून चौकात गेली, मी सोबत. जागा रिकामी होती. शेजारचा चहावाला म्हणाला, डोळ्यांनी साथ सोडली, लेकीनं तिच्या गावी, कुहीला नेलं. जाताना अवजारं वाटून गेला.

आईनं एक बूट बाहेर काढला. त्याच्यासारखा अंगठ्यानं कडेला दाबला, फिरवून फिरवून बघितला. अख्खा बूट साच्यातून एकसंध निघालेला.

“याले तं शिवणच नाही,” ती म्हणाली.

बस आली, गेली. आई हलली नाही.

“अर्ज काढ तुहा. पयली सही माही.”