मानाचं ‘तुम्ही’

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, शिवणकामातला. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. दुकान खाली, आम्ही वर. बायको गेली म्हणून तो प्यायला लागला असं लोक सांगतात. धादांत खोटं. ती असतानाही पीत होता. ती गेल्यावर विचारणारं कोणी उरलं नाही, इतकंच. मी होते, पण माझं त्याने कधी ऐकलंय?

त्याचा सगळा जीव लेकीत. शाळेतून आली की ती दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायची, ‘ए बाबा, तू ऐक ना!’ गिऱ्हाईक असो नसो, हा मशीन थांबवायचा. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणत्या बाई काय टाकून बोलल्या, सगळं आधी त्याला, मग उरलंसुरलं मला.

शाळेच्या शेवटच्या वर्षी निरोप समारंभाचा ड्रेस बाबाच शिवणार, हे ठरलेलंच होतं. निळं कापड तिने स्वतः निवडलं. समारंभाच्या सकाळी ड्रेस हातात आला, तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. उजवा हात वर होईना, खांदा ओढला जात होता. उभ्या आयुष्यात मास्तरने अशी चूक केली नव्हती. तोंडाला वास येत होता. पोर जुनाच ड्रेस घालून गेली. दुसऱ्या दिवशी ताट वाढून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही जेवून घ्या.’

‘तुम्ही’ ऐकून हा खूश! दुकानात येईल त्याला सांगत सुटला, ‘लेक शहाणी झाली, बापाला मान द्यायला लागली.’ सहा वर्षं तो त्या मानावर जगला. तोवर ती नोकरीसाठी दूर गेली, आणि याचे हात इतके थरथरायला लागले की सुईत दोरा मीच ओवून द्यायचे.

शेवटी डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. दारू सोडू पाहणारे लोक दर मंगळवारी संध्याकाळी जमतात. औषध नाही, उपदेश नाही, नुसतं जाऊन बसायचं. हा पाय ओढत निघाला, मी मागून ढकलत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या होत्या, पाटी एकीवरही नाही. ‘हीच असेल, शीर आत,’ म्हणत मी त्याला डावीकडच्या दारातून आत घातलं.

आत दहाबारा बायका बसलेल्या. मास्तर माझ्या कानात म्हणाला, ‘ताई, या सगळ्या पितात?’

‘गप्प बस. तोंडावर लिहिलेलं असतं का?’

एक नर्स बोलत होती, ड्यूटीच्या कपड्यांतच आलेली. ‘मुलगा आता बापाला तुम्ही म्हणतो. शेजारणीला वाटतं, काय वळण लावलंय! वळण कसलं डोंबलाचं. बँकेतल्या साहेबाला म्हणावं, तसं म्हणतो तो. आणि आमच्या ह्यांना वाटतं, मान देतोय.’

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची खोली होती. मास्तरकडे बघितलं, तर तोंडावर कोणी चपराक मारावी तसा बसला होता. मग उठला. ‘माफ करा,’ म्हणाला, ‘पिणाऱ्यांची खोली कुठली?’

नर्सने समोर बोट दाखवलं. हा गेला. मी मात्र तिथेच बसले. ती खोली माझीच निघाली.

समोरच्या खोलीत आपण दारुडे आहोत असं उभं राहून सांगायचं असतं. मास्तरने पहिले तीन मंगळवार ‘मला थोडी सवय आहे’ यावर भागवलं. चौथ्या वेळी एक निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला, ‘मास्तर, माप खरं सांगा, नाहीतर कपडा बसणार कसा?’ सगळे हसले, हाही हसला, आणि त्या हसण्यातच तो शब्द तोंडून निघाला. त्यानंतर दोनदा घसरला. दोन्ही वेळा पुढच्या मंगळवारी मान खाली घालून परत गेला. आता दीड वर्ष झालं, थेंब नाही. दोरा स्वतः ओवतो.

लेक दर रविवारी सकाळी फोन करते. तब्येत विचारते, जेवण विचारते. पण प्रत्येक ‘तुम्ही’ला हा डोळे मिटतो. मला ते बघवत नाही. काय मोठंसं हवं होतं त्याला? एक अक्षर.

गेल्या रविवारी मी भांडी घासत होते, फोन स्पीकरवर होता. हा एकदम म्हणाला, ‘एक सांगू? मला पूर्वीसारखं तू म्हण ना गं.’

मी नळ बंद केला.

‘म्हणून बघते मी, बाबा,’ ती हळूच म्हणाली. ‘एकटी असले की मोठ्याने म्हणून बघते. तोंडात बसतच नाही हो.’

तो ‘हो’ ऐकून मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

‘असू दे, असू दे. घाई कसली?’

‘काळजी घ्या.’

फोन बंद झाला. मी ओल्या हातांनीच डोळे पुसले. पोरीच्या नावाने काहीतरी बोलणार, एवढ्यात त्याने हात वर करून मला थांबवलं.

‘ताई, ऐकलंस ना? एकटी असली की म्हणून बघते.’