खंड्याच्या गोळ्या

चिनू, ईरा — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबालाही नाही. लिहून कळवतेय, कारण फोनवर तुमचे चेहरे दिसले की माझा धीर सुटतो.

आपला खंड्या तेरा वर्षांचा झाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. भांडी घासता घासता गयाबाई म्हणाली, "बाई, ह्ये काहून भिताडाशी बोलून राहिलं? रोज भाकर म्या टाकायची, अन् भुकायचं बी मलाच!" मी हसले. पण मला त्याच्याकडे बघवेना.

कारण त्याच आठवड्यात नांदेडहून येताना मी वारंगा फाट्यावर उतरले होते. आपल्या कळमनुरीची बस समोर उभी — आणि मला आठवेना, आपल्याला जायचंय कुठं? चहावाल्याने विचारलं, "मावशी, कोणतं गाव?" मला सांगता येईना. किती वेळ? तेही माहीत नाही. बस निघाली तेव्हा तिची मागची पाटी वाचून गाव आठवलं.

खंड्याचं भिंतीशी उभं राहणं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, मग तिकडून तुमच्या गोळ्या आल्या. डबीवरचं इंग्रजी मी दोनदा वाचलं — म्हाताऱ्या कुत्र्यांच्या स्मरणशक्तीसाठी. गुरांचे डॉक्टर म्हणाले, गुण येईलच असं नाही, पण देऊन बघा. मी तक्ता आखून भिंतीला लावला. तुम्ही व्हिडिओवर बघायचात. मी पोळीच्या तुकड्यात गोळी ठेवायची, घडी घालायची — आणि गोळी माझ्या मुठीत राहायची. खंड्या नुसती पोळी खायचा. तुमचा फोन बंद झाला की गोळी मी गिळायची, आणि तक्त्यावर खूण करायची.

माणसांच्या डॉक्टरकडे का गेले नाही? तिथे तारीख विचारतात, वार विचारतात. उत्तर आलं नाही तर? कुत्र्याला कुणी काही विचारत नाही.

असे तीन महिने गेले. एका सकाळी खंड्या फाटकाबाहेर पडला आणि रस्त्याच्या मधोमध थांबला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. खंड्या हललाच नाही; टेम्पोखाली गेला.

चिनू, त्या दिवशी तू रडत म्हणालास, "आजी, मी गोळ्या उशिरा पाठवल्या." मी म्हणाले, "असू दे बाळा, तुला काय माहीत होतं." किती शांतपणे म्हणाले मी ते! खरं सांगितलं असतं, तर माझं विसरणंही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तुला रडू दिलं.

गोळ्या वेळेवर आल्या होत्या. सगळ्या मी खाल्ल्या.