श्रद्धांजली, शुक्रवारी साडेपाचला

बारदान गल्लीत माणूस गेलं, की आधी रडणं व्हायचं, मग तिरडीचं सामान यायचं आणि तिसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला नानासो बोलायचे. यातलं एक जरी राहिलं, तरी माणूस पुरतं गेलं असं गल्ली धरत नसे.

नानासो म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातले जुने तोलाईदार. पस्तीस वर्षं त्यांनी हळदीची पोती काट्यावर चढताना बघितली आणि वजन असं ओरडून सांगितलं, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही पाठ व्हावं. पुढं काम सुटलं, आवाज तेवढा राहिला. एवढ्या आवाजाचं घरात करायचं काय? तो त्यांनी घाटावर लावला. मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल हे शब्द ठरलेले. जन्मभर बायकोला शिव्या घालणारा माणूससुद्धा नानासोंच्या तोंडून कुटुंबवत्सल होऊन नदीला लागायचा. शेवटी 'कधीही न भरून येणारी पोकळी' आणि दोन मिनिटं शांतता. दोनशे माणसांच्या गल्लीत बावीस वर्षांत नानासोंनी इतक्या पोकळ्या पाडल्या, की गल्ली अजून उभी कशी हेच नवल. ती दोन मिनिटंही कधी पुरी भरली नाहीत. स्वतः गप्प राहणं त्यांना जमत नसे, त्यामुळे चाळीस सेकंदांत ते 'बसा खाली' म्हणून मोकळे व्हायचे.

अशा माणसाला रक्तदाबाच्या गटाचा प्रमुख करायची कल्पना आरोग्य केंद्राची आशा कार्यकर्ती स्वप्नाली हिची. गल्लीत तपासणी झाली तेव्हा चाळिशीच्या पुढची निम्मी माणसं वरच्या आकड्यात निघाली. हमाल खर्डा-भाकरीवर, पोती शिवणाऱ्या बायका खारवलेल्या मिरचीवर. दुसरं काय निघणार? आरोग्य केंद्राचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. मधल्या दिवसांत गल्लीनंच गल्लीला सांभाळायचं ठरलं. अकरा जणांचा गट झाला. दर शुक्रवारी साडेपाचला मारुतीच्या कट्ट्यावर जमायचं, मशीन लावायचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवायची. शिवाय प्रत्येकानं एक जोडीदार धरायचा आणि त्याच्या गोळीवर ध्यान ठेवायचं. स्वप्नाली मशीन लावायची आणि नानासो आकडा पुकारायचे.

"भूपालआण्णा! वर एकशे अडतीस, खाली शहाऐंशी! चला, फुडचं पोतं आना!"

नानासोंचा जोडीदार म्हणजे तानाजी हमाल. बैलासारखा माणूस, आणि डोकंही त्याच जातीचं. आठ दिवस गोळी घ्यायचा, पंधरा दिवस सोडायचा. नानासो रोज सकाळी त्याच्या दारात उभे. कधी गोड बोलले, कधी शिव्या दिल्या, एकदा तर गुळाच्या खड्यात गोळी घालून दिली. तानाजीनं गूळ खाल्ला आणि गोळी थुंकली.

"नाना, आवं दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग गोळी कशाची? दुखाय लागल्यावर खातो की."

त्या शुक्रवारी तानाजीचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला. नानासो पुकारायला उठले आणि काय झालं कुणास ठाऊक, हात आपोआप जोडले गेले, मान खाली गेली, आणि आवाज घाटावरचा निघाला.

"बंधू-भगिनींनो, आज आपन अतिशय जड अंतःकरनानं हितं जमलोय. कैलासवासी तानाजी ह्यो मनमिळाऊ, कष्टाळू मानूस. क्विंटलचं पोतं एका दमात उचलायचा. पन साबुदान्याएवढी गोळी काय त्याच्यानं उचलली न्हाई. लेकीचं लगीन फाल्गुनात ठरलंय. तितं अक्षता टाकायला बाप न्हाई, बापाचा फोटू पाटावर आसंल. त्या फोटूला हार घालायचा का नवऱ्या मुलाला, ह्येच पोरीला कळायचं न्हाई."

तानाजीच्या बायकोनं पदर तोंडाला लावून हंबरडाच फोडला. दोघी-तिघी धावल्या आणि रिवाजाप्रमाणे तिच्या गळ्यात पडल्या. तानाजी मधे खुर्चीत बसलेला, दंडाला पट्टा, कुणी त्याच्याकडे बघेना. त्यानं स्वतःला चिमटा काढला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पानी द्या गं कुनीतरी," आणि गोळी गिळली. त्या दिवसानंतर त्याची गोळी चुकली नाही.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या शुक्रवारी चार जण मुद्दाम गोळी न घेता आले. त्यांनाही आपली श्रद्धांजली ऐकायची होती. आपल्या माघारी आपल्याविषयी काय बोलतील ही उत्सुकता कुणाला नसते? सगळ्यात जास्त फुगले भूपालआण्णा. ते कोपऱ्यावरचे किराणावाले, जैन, वेळेवर जेवणारे आणि वेळेवर गोळी खाणारे.

"म्हंजे आमी न चुकता गोळी खातो, म्हनून आमाला श्रद्धांजली न्हाई व्हय? ह्यो कुटला न्याय? आनि आमच्यात कैलासवासी म्हनत न्हाईत, आधीच सांगून ठेवतो."

नानासो दोन दिवस विचारात पडले. मग त्यांनी कट्ट्याच्या खांबावर मोठ्या अक्षरांत नियम लावला. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला, तर 'मनमिळाऊ'. एकशे तीसच्या आत, 'कुटुंबवत्सल'. सलग तीन महिने आत राहिला, त्याला 'आधारवड'. आणि जो एकशे साठच्या वर, त्याला एकही विशेषण मिळणार नाही. नुसतं नाव, राहणार बारदान गल्ली, आणि दोन मिनिटं शांतता.

"नाना, औषधोपचारात हे कुठं बसतं का?" स्वप्नाली कपाळाला हात लावून म्हणाली. पण गल्ली हट्टाला पेटली होती. घरोघरी मिठाची बरणी फळीवर गेली. तानाजी फाल्गुनात लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातानं अक्षता टाकून आला. एक शब्द कमी पडला म्हणून माणसं पहाटे नदीपर्यंत चालत जायला लागली. वरच्या साहेबांनी विचारलं, की तुमच्याच गल्लीत गोळ्या एवढ्या नेमानं कशा घेतात? स्वप्नालीनं नजर चुकवून सांगितलं, "समुपदेशन करतो, सर."

भूपालआण्णा तीन महिन्यांत आधारवड झाले. भाषण ऐकून त्यांना इतकं भरून आलं, की ते त्यांनी फोटोसकट छापून दुकानात टांगलं. गिऱ्हाइकं दारातूनच हात जोडून परत जायला लागली. चौथ्या दिवशी इस्लामपूरहून मेहुणा गाडीभर माणसं घेऊन रडत आला, आणि मग त्यांच्या बायकोनं, विजयमालावहिनींनी, ती फ्रेम बंबात घातली.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. कट्ट्यावर नानासोंच्या दंडाला पट्टा कधी लागतच नव्हता, आणि त्यांचं रिकामं पाकीटही कुणी मागत नव्हतं. "माजं घरी झालं," म्हणायचे. "एकशे अठरा, खाली शहात्तर." दर शुक्रवारी तोच आकडा. स्वप्नाली तो लिहून घ्यायची, कारण जो सगळ्यांना दम देतो तो स्वतः चुकत असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

खरं असं होतं, की पहिल्याच तपासणीत नानासोंचा आकडा एकशे बहात्तर निघाला होता. गोळ्या मिळाल्या होत्या. दर महिन्याला ते नेमानं केंद्रात जाऊन गोळ्या आणायचे आणि शोकपत्रिकांच्या पिशवीत तळाला ठेवायचे. नानासो घाबरले होते. दुसरं काही नाही, साधी भीती. पस्तीस वर्षं काट्यावर माल चढला, तोलाईदार कधी चढला नाही. घाटावर नावं पुकारली गेली, त्यांत पुकारणाऱ्याचं नाव कधी नव्हतं. एकदा गोळी तोंडात घातली, की आपणही त्याच रांगेत जाऊन उभे राहणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे बोलायचं कुणाजवळ? बोलून दाखवायचं काम तर त्यांचंच होतं.

पिशवी सापडली आक्काताईंना, म्हणजे नानासोंच्या बायकोला. शेजारणीला सासऱ्याच्या वर्षश्राद्धाची तारीख हवी होती, म्हणून त्यांनी पत्रिका उपसल्या. तळाशी पाच महिन्यांच्या गोळ्या, एकही न फोडलेली. शुक्रवारी साडेपाचला त्या पिशवी घेऊन कट्ट्यावर आल्या आणि सगळ्यांच्या मधे पालथी केली.

"लावा ह्येंच्या दंडाला पट्टा," एवढंच म्हणाल्या.

नानासो खुर्चीत बसले. मशीन घरघरलं. पुकारणारं कुणी नव्हतं, म्हणून स्वप्नालीनं हळूच वाचलं, "एकशे शहाऐंशी, खाली एकशे दहा." "नाना, उद्या सकाळी डॉक्टरांकडे. मी न्यायला येते. डोकं दुखतंय? छातीत?"

"दुखत न्हाई, खुपत न्हाई," नानासो म्हणाले. आणि तानाजीचंच वाक्य आपल्या तोंडून आलेलं ऐकून ते ओशाळले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नियम तर नियम. पण बोलणार कोण? गल्लीत दुसऱ्या कुणी कधी भाषण केलंच नव्हतं. शेवटी तानाजी उठला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"कैलासवासी नानासो," तो म्हणाला. "ह्यो मानूस... मानूस लय..."

"एकशे साठच्या वर हाय," भूपालआण्णांनी खांबाकडे बोट दाखवलं. त्यांचेही डोळे भरले होते. "विशेषन चालत न्हाई."

तानाजीनं खांब वाचला. मान हलवली. "कैलासवासी नानासो. राहनार बारदान गल्ली. दोन मिन्टं शांतता."

एवढंच. बावीस वर्षं ज्यांनी गल्लीला विशेषणं वाटली, त्यांच्या वाट्याला पत्ता आला. सगळे उठून उभे राहिले, माना खाली घालून. चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. कुणी हललं नाही. शांतता सुरू करायला तानाजीला जमलं, पण संपवायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. ते काम नानासोंचं होतं, आणि नानासो तर गेलेले होते.

चार मिनिटं झाली. मागून एक रिक्षा आली, थांबली, चालकानंही उतरून मान खाली घातली. नानासो खुर्चीत बसून बघत राहिले. तानाजीच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होता आणि तो पुसत नव्हता. आक्काताई रिकामी पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. असं उभं राहिलेलं माणूस नानासोंनी घाटावर शंभर वेळा पाहिलं होतं, पण तेव्हा ते पुढचं वाक्य जुळवत असायचे. आज जुळवायला काही नव्हतं. ही बाई उद्यापासून अशीच उभी राहील आणि तिला बस म्हणणारं कुणी नसेल, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते लहान पोरासारखे रडले.

मग त्यांनी हात पुढं केला. स्वप्नालीनं पाकिटावरची तारीख बघून एक गोळी फोडली. आक्काताईंनी पाणी दिलं. नानासोंनी गोळी गिळली, टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले.

"बसा खाली," ते म्हणाले. आवाज यार्डातला निघाला, पार रस्त्यापलीकडं गेला. "कार्यक्रम फुडं ढकललाय."

"कवापर्यंत, नाना?" तानाजीनं विचारलं.

"आक्काताईला इचार," नानासो म्हणाले. "आता गोळ्या तिच्याकडं हायत."