पायरीखालून तपासलेले दात

"पायरीच्या खालीच थांब. पोरीचं तोंड वर कर."

डॉक्टर ओसरीवरून बोलला. मी तोंड वर केलं. माझी पोरगी, नऊ वर्षांची. शाळेतल्या माठाला हात लावला म्हणून गावच्या मालगुजार जमीनदाराच्या पोरानं पितळी लोटा तिच्या तोंडावर हाणला होता. वरचे पुढचे दोन दात लटलट हलत होते.

गोंदियाच्या त्या दवाखान्यात आम्हा महारांची तपासणी अशीच व्हायची. रोगी अंगणात, डॉक्टर वर. हात लावायचा तो घरच्यानंच.

"चमच्यानं ठोकून पाहा. दुखते का?"

मी ठोकलं. ती कळवळली.

"पातळ खाऊ घाल. दुखणं थांबलं की झालं."

कंपाउंडरनं पळसाच्या पानावर पुडी टाकली. वरून.

मी बी.ए. आहे, शाळामास्तर आहे. आजूबाजूच्या सगळ्या गावांत पहिला. नागपुरात इंग्रजीतून पेपर लिहिले मी. आणि ते पान मी दोन्ही हातांनी घेतलं. वर 'मेहरबानी' म्हणालो.

दहा दिवसांत दुखणं थांबलं. मी खूश. बायको मात्र रोज ओठ उचलून पाहायची.

"दात राखेवानी होऊन राहिले जी. काऊन?"

"डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते?" मी तिलाच झापलं.

मग दात काळे पडले. हिरडीवर फोड आला, फुटला, पू वाहू लागला. एका सकाळी पाहतो तर सूज डोळ्यापर्यंत चढलेली. अंग तव्यासारखं.

तिला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. पायऱ्या चढलो. सरळ आत नेऊन खुर्चीत बसवलं.

"अरे मास्तर, कुर्सी धोनी पडेगी!" कंपाउंडर ओरडला.

"धुवा. आधी दात पाहा."

डॉक्टर हलेना. मी दार लावलं, पाठ टेकून उभा राहिलो.

"हात लावल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही."

त्यानं हात लावला. हिरडी दाबली. वास खोलीभर पसरला.

"मुळं केव्हाच मेली," तो खाली पाहत म्हणाला. "म्हणून तर दुखणं थांबलं. पहिल्याच दिवशी नीट बसवून बांधले असते तर..."

 त्यानं दोन्ही दात काढले. बाहेर आल्यावर रक्ताळलेला कापसाचा बोळा तोंडात धरून पोरीनं विचारलं, "बाबा, पह्यल्या दिवशी काऊन नाही चढले जी तुमी?"

मी तिला पुन्हा खांद्यावर घेतलं. 

आता वस्तीतल्या घराघरांत जाऊन सांगतो. लेकरू पडलं, भाजलं, तापलं, तर सरळ आत न्या. विचारू नका. कोणी अडवलं तर मला बोलवा. मार खावा लागला तरी येईन. एकटा असलो तरी येईन.