पाय लागला तरी नमस्कार नाही

चित्राताई ढोमणे यांचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होतो. कॅनडातल्या कोक्विटलाममधल्या ज्या घराच्या बेसमेंटमध्ये त्या भाड्याने राहतात, तिथले मालक तेव्हा झोपलेले असतात. मालक नंतर उठून योगा करतात आणि दिवसभर दमलेले असतात. ताई योगा करत नाहीत. त्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ओल्या चादरी उचलतात. ओली चादर किती जड असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने फिटनेसवर बोलू नये.

मी त्याच लाँड्रीत इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर होतो. मिनसाहेबही तिथलेच. सत्तरीचे कोरियन गृहस्थ, काटकुळे, घड्या घालायचे. लाँड्रीची फरशी कायम ओली. एकदा ताई ढोपरावर आपटल्या. मिनसाहेब म्हणाले, "तुम्ही सगळा भार एकदम टाकता, म्हणून पडता." आणि तिथेच त्यांनी पावलं टाकून दाखवली. पुढे, मागे, बाजूला, त्रिकोणात, गुडघे सैल. ताईंना वाटलं, म्हातारा सटकला. ते तेक्यॉन होतं.

तेक्यॉन म्हणजे कोरियातली जुनी, पायांनी खेळायची झुंज. सणाला वरची आळी विरुद्ध खालची आळी असे सामने व्हायचे. जपानी राजवटीत ते दडपलं गेलं, आणि राजवट गेली तेव्हा जाणकार म्हणून एखादा म्हातारा उरला होता. त्याच्याकडून लोक शिकले. मग सरकारने त्याला वारसा म्हटलं, मग युनेस्कोने म्हटलं. कला मरायला टेकली की शाल-श्रीफळ येतं, ही पद्धत तिकडेही आहे. एका म्हाताऱ्याने जगवलेली कला चालवायला पुढे निदान तीन संघटना लागल्या, आणि त्यांचं आपसात पटत नाही. मराठी मंडळाच्या सभासदांना हे फोडून सांगायला नको.

स्वतःला तेक्यॉनचं धाकटं भावंड म्हणवणारं तायक्वांदो मात्र जगभर पसरलं. इथे तर पिझ्झावाला आणि डेंटिस्ट यांच्यामध्ये एक गाळा त्याचाच असतो. तिथे रंगीत बेल्ट मिळतात. मिनसाहेबांकडे बेल्ट नव्हता. फक्त घाम होता, त्यामुळे गर्दी नव्हती.

दर रविवारी ते चर्चच्या बेसमेंटमध्ये शिकवत. ताई जाऊ लागल्या आणि पहिल्याच दिवशी अडल्या. पाय मिनसाहेबांना लागला की त्या वाकून त्यांना हात लावत आणि तो कपाळाला नेत. आपला हात जातोच, विचारून जात नाही. मिनसाहेबांना वाटायचं, बाई सदऱ्यावरचा दोरा काढतायत.

"काय शोधताय?"

"सॉरी म्हणतेय. पाय लागला तुम्हाला."

"इथे पायच लावायचा असतो."

"अहो, पण तुम्ही वयाने मोठे!"

"मग नीट लावा. तोच मान."

ही खोड मोडायला अख्खा हिवाळा गेला. त्याशिवाय एक नियम होता. आपला एक पाय कायम समोरच्याच्या टप्प्यात ठेवायचा. त्याला कोरियनमध्ये पाहुणचार अशा अर्थाचा शब्द आहे. लांब उभं राहून शौर्य दाखवायची सोय नाही. लाथही ढकलणारी हवी, मोडणारी नको.

यंदा मिनसाहेबांच्या मुलीने त्यांना कॅलगरीला न्यायचं ठरवलं. क्लास ताईंनी चालवायचा, नाहीतर तो बंद. चर्चने भाडं वाढवलेलं, शिकणारे ताई धरून तिघे. मराठी मंडळाकडे शनिवारी हॉल फुकट होता आणि मुलंही होती. ताई मंडळाच्या अध्यक्षांना, रविकांत यांना भेटल्या. ते म्हणाले, "गणपतीत एक डेमो द्या. मग कमिटी डिसाइड करेल."

डेमोच्या आधीच पालकांनी ताईंना गाठलं. रुचा नावाच्या एका आईने विचारलं, "ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत?"

"बेल्टच नाही हो यात."

"मग प्रोग्रेस कसा कळणार?"

"पडायचं कमी झालं की."

रुचाची मुलगी म्हणाली, "दॅट्स सो लेम." आईने तिला रागावलं नाही.

डेमोत ताईंसमोर शंतनु उभा राहिला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, तायक्वांदोचा ब्लॅक बेल्टवाला. अकॅडमी वर्षाची फी आगाऊ घेते, तेव्हा बेल्ट अडवून ठेवणं तिलाही बरं दिसत नाही. पण मुलगा उमदा होता, एवढं कबूल. मिनसाहेब पंच. जो खाली बसेल तो हरला.

शंतनु लांबूनच उड्या मारू लागला. लोक ओरडत होते, "काकूंना सांभाळून रे!" "काकू, कंबर जपा!"

"पाय पुढे!" मिनसाहेब म्हणाले. "पाहुणचार!"

शंतनुने पाय पुढे ठेवला आणि दुसऱ्या पायाने लाथ घातली. चांगली घातली. पाऊल ताईंच्या खांद्याला लागलं. ताई हलल्या, पडल्या नाहीत.

"अरे देवा, सॉरी काकू!" म्हणत शंतनु वाकला, त्यांना हात लावला आणि हात कपाळाकडे नेला. त्याचा पाय ताईंच्या टप्प्यात होता. ताईंनी मिनसाहेबांकडे पाहिलं. पंचांनी खेळ थांबवला नव्हता. ताईंनी त्याच्या घोट्यामागे पाय अडकवला आणि ओढला. शंतनु गणपतीसमोरच्या लाल गालिच्यावर बसला.

टाळ्या फक्त मिनसाहेबांनी वाजवल्या. आणि शंतनुने, बसल्या बसल्या. "काकू, भारी होतं हे!"

कमिटीला भारी वाटलं नाही. "नमस्कार करणाऱ्याला पाडलं?" रविकांत म्हणाले. "मुलांवर काय संस्कार होतील?" शनिवारचा हॉल तायक्वांदो अकॅडमीला मिळाला. नाव नोंदवलं की पहिला बेल्ट फुकट. संस्कार वाचले.

मी ताईंना म्हणालो, "सोडायचंत की त्याला. हॉल मिळाला असता."

"त्याने खरी लाथ घातली," ताई म्हणाल्या. "मग मी लुटूपुटूचं खेळू? पोराचा अपमान नाही का झाला असता?"

मिनसाहेब कॅलगरीला गेले. पुढच्या रविवारी क्लासला शिकणारे पुन्हा तिघेच होते, कारण ताईंच्या जागी शंतनु आला होता. रुचाने मुलीला पाठवलं नाही. मुलीची येत्या शनिवारी पिवळ्या बेल्टची परीक्षा होती, आणि तीत नापास होण्याची सोय नव्हती.

ताई अजून बसने कामाला जातात. पहाटेच्या बसची वाट पावसात बघायला नको, म्हणून त्यांनी ओव्हरटाइम करून सेकंडहँड गाडीसाठी पैसे बाजूला टाकले होते. त्या पैशांतून चर्चच्या बेसमेंटचं वर्षाचं भाडं भरलं. हीटर बिघडलेला आहे. तो भाड्यात धरलेला आहे.